मोटारींतील तेलदाबमापक व तो बसविण्याची रीत

मोटारीच्या इंजिनांत जीं पोलादी अंगें मिनिटाला हजारों फेरे घेत असतात, तीं खरें पाहतां एकमेकांस स्पर्शही करीत नाहींत. त्यांच्यामध्यें तेलाचा अतिशय पातळ पडदा असतो व त्यावरच तीं जणूं तरंगत असतात. इंजिनाच्या तळच्या भांड्यांतून पंप हें तेल ओढतो, फिल्टरमधून तें गाळलें जातें आणि बारीक वाटांनीं बेअरिंगांपर्यंत पोंचतें. त्या वाटेवर तेल किती जोरानें ढकललें जात आहे, हें सांगणारें यंत्र म्हणजे तेलदाबमापक. गॅरेजांतील मिस्त्री त्यास ‘ऑइल प्रेशरचा मीटर’ म्हणतात. आपणही पुढें मीटरच म्हणूं.

दुसऱ्या महायुद्धांतील विलीस जीपमध्यें चालकासमोर हा मीटर असे. हल्लींच्या बहुतेक मोटारींत त्याच्या जागीं एक तांबडा दिवा असतो. येथें पालकांनीं विशेष लक्ष द्यावें. दाब चौरस सेंटिमीटरास सुमारें अर्ध्या किलोच्या खालीं उतरला म्हणजेच बहुधा हा दिवा लागतो. वेगानें चालणाऱ्या गरम इंजिनांत हाच दाब साधारणपणें ३ ते ४ किलो असावा लागतो. म्हणजे तो चारावरून एकावर घसरला तरी दिवा मुकाच! ज्या कुटुंबाचा चरितार्थ मालवण-तारकर्लीच्या एका प्रवासी मोटारीवर चालतो, त्यास जाम झालेलें इंजिन म्हणजे सबंध हंगाम बुडाल्यासारखेंच होय. मासेमारीच्या यांत्रिक नौकेवरचा तांडेल मीटरकडे नजर ठेवतो, कारण समुद्रांत रस्त्याच्या कडेला थांबण्याची सोय नसते. आपल्या घाटांतही ती फारशी नसते.

सावंतवाडीहून आंबोलीस, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारें ६९० मीटर उंचीवर, चढतांना गाडी खालच्या गिअरांत असते, इंजिन जोरांत फिरतें आणि समोरून वारा मात्र थोडा मिळतो. तेल तापून पातळ होतें व दाब उतरतो. शिवाय तेलाची पातळी कमी असेल, तर तीव्र वळणावर तें एका बाजूस सरकतें, पंपाच्या तोंडाशीं हवा येते आणि मीटरचा कांटा क्षणभर दचकतो. हें दचकणें पाहावयास मिळालें, तर मीटरची किंमत तेथेंच वसूल झाली असें मी समजतों.

मीटरच्या पोटांत काय असतें? जत्रेंत मुलें जी कागदी पिपाणी फुंकतात, ती आठवा. फुंकर घालतांच गुंडाळलेली नळी उलगडते. १८४९ सालीं फ्रान्समधील यूजेन बूर्दों यानें याच तत्त्वावरील दाबमापकाचें पेटंट घेतलें. चपटी व वाकविलेली धातूची नळी आंतील दाबानें किंचित् सरळ होऊं पाहते. तिच्या टोंकाची ती अल्पशी हालचाल दांत्यांच्या साहाय्यानें वाढवून कांट्यास दिली जाते. अशा मीटरमध्यें खुद्द तेलच बारीक नळीनें चालकासमोर येतें. दुसऱ्या जातीच्या मीटरांत तेल इंजिनापाशींच राहतें. तेथील सेन्सर दाबाप्रमाणें विजेचा अडथळा बदलतो आणि आंत केवळ तार येते. पहिली जात विजेवांचून चालते. पण तिची नळी फुटली तर कढत तेल पायांवर येतें. घरच्या मोटारीस मी दुसरीच जात सुचवीन.

आतां बसविण्याची रीत. इंजिन पूर्ण थंड असावें. बॅटरीची ऋण तार सोडावी. तांबड्या दिव्याची कळ बहुधा फिल्टरच्या जवळपास असते. ती काढून त्या जागीं पितळी ‘टी’ बसवावी. टीच्या एका तोंडास जुनी कळ व दुसऱ्यास नवा सेन्सर लावावा, म्हणजे दिवाही कायम राहतो. मात्र सर्वांत मोठा धोका आट्यांचा आहे. ब्रिटिश मापाच्या पाव इंचाच्या निम्म्या पाइपास एका इंचांत २८ आटे असतात, अमेरिकन मापास २७. दोन-तीन फेरे दोन्ही सारख्याच सहज जातात, मग अडकतात. तेथें पान्यास जोर दिला कीं ॲल्युमिनियमचे आटे गेलेच. हातानें फिरेनासें झालें तर थांबावें व माप तपासावें.

टेफ्लॉनची पट्टी गुंडाळतांना पहिले एक-दोन आटे उघडे ठेवावे, नाहींतर तिचा तुकडा तेलाच्या वाटेंत शिरतो. एका तारेच्या सेन्सरास अर्थ त्याच आट्यांतून मिळतो. म्हणून पट्टी फार जाड नको. सेन्सर वजनदार असेल तर तो टीवर लोंबकळत ठेवूं नये, कंपनानें टी मोडते. मजबूत रबरी होजनें तो बाजूस बांधावा आणि त्याच्या अंगास अर्थची निराळी तार द्यावी. तार आंत नेतांना पत्र्याच्या भोंकास रबरी कडें हवेंच, आणि वीज फ्यूजमधून घ्यावी. किल्ली फिरविल्यावरच वीज येणारी जागा त्यासाठीं शोधावी. गाडी वॉरंटींत असल्यास तारेस हात लावण्यापूर्वीं कंपनीचें पुस्तक वाचावें.

आमच्या किनाऱ्यावरची खारी हवा तांब्याच्या टोंकांस हिरवी बुरशी आणते. अर्थची जागा रंग खरवडून स्वच्छ करावी, जोड घट्ट करावा व वरून व्हॅसलिन लावावें. मोठे दिवे लावतांच कांटा हलला, तर दोष तेलाचा नसून बहुधा अर्थचा असतो.

इंजिन सुरू केल्यावर कांहीं सेकंदांत कांटा चढला पाहिजे. न चढल्यास तत्काळ बंद करावें. टीभोंवतीं गळती पाहावी आणि एक फेरफटका मारून पुन्हां पाहावी. सकाळीं थंड तेलावर कांटा उंच जातो आणि घाटमाथ्यावर गरम इंजिन मंद चालतांना तो एकाच्या आसपास उतरतो. त्यांत भिण्याजोगें कांहीं नाहीं. वेग वाढवूनही कांटा चढत नसेल, तर मात्र गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावें व डिपस्टिकवर तेल पाहावें. तेल पुरेसें असूनही दाब नसेल, तर पुढचा प्रवास दोरानें ओढूनच करावा. एका वहींत दर महिन्याला, त्याच रस्त्यावर व त्याच वेगानें, गरम इंजिनाचा आंकडा टिपून ठेवावा; हें काम घरांतील शाळकरी मुलानें करण्याजोगें आहे.