ट्रॅक्टरची बॅटरी उतरते. दोष बॅटरीचाच का?

मृगाचा पाऊस पडला, वाफसा आला, पाभर जोडली आणि सेल्फ नुसता 'टक्' करून गप्प बसला, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. मग चार माणसे लावून ट्रॅक्टर ढकलायचा आणि पुढच्या बाजाराला नवी बॅटरी आणायची, हा ठरलेला मार्ग. परंतु दोष चार्जिंगमध्ये असेल तर नवी बॅटरीही थोड्याच दिवसांत तशीच उतरते आणि काही हजार रुपये वाया जातात. म्हणून बॅटरी खराब झाली आहे, की तिला चार्जच मिळत नाही, हे आधी पाहावे. त्यासाठी साधा मल्टिमीटर पुरेसा आहे.

ट्रॅक्टर रात्रभर उभा असताना, सकाळी सेल्फ मारण्यापूर्वी, मल्टिमीटर डी.सी. २० व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलना लावावा. १२ व्होल्टची पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ च्या आसपास आकडा दाखवते. १२.२ म्हणजे ती निम्मी उतरली आहे. १२ च्या खाली गेल्यास तिच्यात फारसे काही उरलेले नसते. नंतर इंजिन सुरू करून मध्यम गतीवर ठेवावे आणि पुन्हा मोजावे. आता आकडा साधारण १३.८ ते १४.४ हवा. तो वाढलाच नाही तर चार्ज पोहोचत नाही, असे समजावे. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे. अशा ट्रॅक्टरच्या बॅटरीतील पाणी वरचेवर आटते.

चार्ज पोहोचत नसल्यास प्रथम पट्टा पाहावा. इंजिन बंद करून दोन पुलींमधील लांब भागावर अंगठ्याने दाबावे. साधारण १० ते १५ मि.मी. दबला तर ताण ठीक आहे. नेमके माप ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असते. कडा गुळगुळीत चकाकत असतील किंवा तेल लागले असेल तर पट्टा घसरतो. फार ताणूही नये, बेअरिंग जाते.

यानंतर वायरी व टर्मिनल. बहुतेक दोष येथेच सापडतात आणि नेमके येथेच कोणी पाहत नाही. इंजिन मध्यम गतीवर ठेवून हेडलाइट लावावेत. मल्टिमीटरची एक वायर अल्टरनेटरच्या जाड वायरीच्या नटाला व दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलला लावावी. पंखा व पट्ट्यापासून हात आणि कपडे दूर ठेवावेत. मग तसेच अल्टरनेटरचे अंग व बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल यांमध्ये मोजावे. प्रत्येक वेळी ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी आकडा चांगला. अर्धा व्होल्ट किंवा अधिक आला तर त्या मार्गात सैल, गंजलेला किंवा जळका जोड आहे. समजा, अल्टरनेटरपाशी १४.२ व्होल्ट आहेत आणि बॅटरीपाशी १३.१ च. पाटाच्या तोंडाशी भरपूर पाणी, पण शेवटची सरी कोरडी, तसा हा प्रकार. अर्थची वायर चासीला जेथे बसते तेथील बोल्ट काढून गंज व रंग कानशीने घासला की पुष्कळदा काम होते. टर्मिनलवरील पांढरा-हिरवट थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा. झाकणे घट्ट असावीत, सोडा आत जाता कामा नये. कोरडे करून जोड आवळावा व वरून व्हॅसलीन लावावे. वायरी काढताना अर्थची आधी काढावी व बसवताना शेवटी बसवावी, म्हणजे पाना चासीला लागून ठिणगी उडणार नाही.

चावी फिरवल्यावर चार्जिंगचा लाल दिवा लागतो का, हेही पाहावे. अनेक अल्टरनेटरना सुरुवातीचा प्रवाह या दिव्यातूनच मिळतो. एवढासा बल्ब गेल्यामुळे चार्जिंग बंद पडलेले ट्रॅक्टर आढळतात.

डायनामो चालतो का हे पाहण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून बघण्याची जुनी सवय मात्र सोडावी. अल्टरनेटरमध्ये डायोड असतात. ते क्षणात जळतात आणि नसलेला दोष आपणच निर्माण करतो.

एवढे सर्व ठीक असेल तरच संशय बॅटरीवर घ्यावा. ती बाहेरून पूर्ण चार्ज करून घ्यावी व हायड्रोमीटरने प्रत्येक कप्प्यातील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व मोजावे. ते साधारण १.२५० ते १.२८० असावे. एकच कप्पा इतरांपेक्षा ०.०५० ने मागे राहिला तर तो गेला. तेव्हा नवी बॅटरी घ्यावी. पातळी कमी असल्यास केवळ डिस्टिल्ड पाणी घालावे. विहिरीचे पाणी नको, आम्लही नको. चार्ज होताना पेट घेणारा वायू निघतो, म्हणून पातळी बघायला काडी पेटवू नये व बिडी दूर ठेवावी. हल्लीच्या बंद बॅटऱ्यांना झाकणे नसतात. त्यांच्याबाबत मल्टिमीटरवरच भिस्त ठेवावी लागते.

हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल तर अर्थची वायर काढून ठेवावी आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करावी. नुसते सुरू करून पाच मिनिटांत बंद केल्याने सेल्फने खाल्लेला चार्जही भरून निघत नाही.