छापील आकडा आणि हातातला व्हॉल्व्ह

ट्रान्झिस्टर आले आणि रेडिओतले व्हॉल्व्ह मागे पडले. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली रेडिओच्या व्हॉल्व्हचे उत्पादन सुरू केले होते. तो काळ आता सरला. तरी गिटारवादकांच्या आणि संगीतशौकिनांच्या काही ॲम्प्लिफायरांत व्हॉल्व्ह आजही काम करतात. प्रत्येक प्रकारच्या व्हॉल्व्हचा गुणधर्मांचा तक्ता छापलेला असतो. पण एकाच नावाचे दोन व्हॉल्व्ह तपासले, तर त्यांची मापे क्वचितच तंतोतंत जुळतात. मग तक्ता खोटा म्हणायचा का? नाही. तो कसा वाचावा, हे एका उदाहरणावरून पाहू.

नावातली माहिती

ईएल ८४ हा व्हॉल्व्ह घ्या. ‘ई’ म्हणजे त्याच्या तापकाला ६.३ व्होल्ट दाब लागतो. ‘एल’ म्हणजे लाउडस्पीकर चालवण्याइतकी शक्ती देणारा पेंटोड, अर्थात पाच अग्रांचा व्हॉल्व्ह. ‘८’ या अंकावरून त्याला नऊ पिनांची बैठक लागते हे कळते.

तापलेल्या कॅथोडमधून निघालेले इलेक्ट्रॉन धन दाबाच्या ॲनोडकडे जातात. वाटेतल्या नियंत्रक जाळीला ऋण दाब दिला की त्यांची वाहतूक कमी होते. जाळीवरच्या लहान बदलाने ॲनोडच्या प्रवाहात मोठा बदल होतो. ॲम्प्लिफायरचे मर्म हेच.

आकड्यांचे दोन प्रकार

तक्ता सांगतो: ॲनोडवर २५० व्होल्ट आणि जाळीवर उणे ७.३ व्होल्ट दिले, तर ॲनोडचा प्रवाह ४८ मिलिअँपिअर असतो. जाळीचा दाब १ व्होल्टने बदलला, तर प्रवाह ११.३ मिलिअँपिअरने बदलतो. हे झाले नमुन्याचे आकडे. शिवाय ॲनोडवर १२ वॅटपेक्षा अधिक शक्ती उष्णतेच्या रूपाने खर्च होऊ देऊ नये, असेही तक्ता बजावतो. ही झाली मर्यादा.

वर्गाची सरासरी उंची १५० सेंटिमीटर असली, तरी प्रत्येक मुलाची उंची तेवढीच नसते. नमुन्याचे आकडे या सरासरीसारखे. मर्यादा मात्र दाराच्या चौकटीसारखी. उंच मुलाचे डोके तिला आपटणारच.

आता गुणाकार करा: २५० × ०.०४८ = १२ वॅट. म्हणजे नमुन्याचा व्हॉल्व्ह चौकटीला डोके टेकवूनच उभा आहे!

फरक का पडतो?

जाळी आणि कॅथोड यांतले अंतर मिलिमीटरच्या लहानशा अंशाइतके असते. ते किंचित बदलले तरी प्रवाह बदलतो. कॅथोडवरचा बेरियम व स्ट्राँशियम यांच्या ऑक्साइडांचा थरही सर्वत्र सारखा बसत नाही. वापराने या थरातून होणारे इलेक्ट्रॉनांचे उत्सर्जन मंदावते.

समजा, एक व्हॉल्व्ह त्याच दाबांना ५८ मिलिअँपिअर घेतो. आता शक्ती झाली १४.५ वॅट. ॲनोड मर्यादेबाहेर तापेल आणि व्हॉल्व्हचे आयुष्य घटेल.

यावर उपाय

कॅथोडच्या वाटेत १३५ ओहमचा रोधक घालतात. ॲनोडचा ४८ आणि दुसऱ्या जाळीचा ५.५ असा ५३.५ मिलिअँपिअर प्रवाह त्यातून जातो व सुमारे ७.२ व्होल्ट दाब तयार होतो. त्यामुळे जाळी कॅथोडच्या मानाने आपोआप ऋण होते. प्रवाह वाढू लागला की हा दाबही वाढतो, जाळी अधिक ऋण होते आणि वाढीला लगाम बसतो. आपल्या उदाहरणातली १० मिलिअँपिअरची वाढ सुमारे ४ वर येईल. तरीही ५२ मिलिअँपिअरला १३ वॅट होतातच! म्हणून जाणता रचनाकार मुळातच ४० मिलिअँपिअरच्या आसपास, म्हणजे १० वॅटवर थांबतो. मग ४ मिलिअँपिअर वाढले, तरी ११ वॅटच होतात.

दोन व्हॉल्व्ह जोडीने काम करतात तेथे दोघांचे स्थिर प्रवाह सारखे नसले, तर ट्रान्सफॉर्मरचा गाभा एकाच दिशेने चुंबकित होतो आणि आवाज बिघडतो. म्हणून सारख्या प्रवाहाचे व्हॉल्व्ह निवडून त्यांच्या जोड्या लावतात.

थोडक्यात, सरासरीवर विसंबून मर्यादेला भिडू नये. व्हॉल्व्ह बदलला तरी मंडल नीट चालले पाहिजे, हीच चांगल्या रचनेची कसोटी.

सावधान! २५० व्होल्ट प्राणघातक ठरू शकतात. बटन बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये विद्युत्‌भार राहतो. असे यंत्र स्वतः उघडू नका.

सोडवून पाहा

ईसीसी ८३ या व्हॉल्व्हचा वर्धनांक १०० आणि अंतर्गत रोध ६२.५ किलोओहम असतो. भाररोध १०० किलोओहम घेतल्यास वर्धन = १०० × १०० ÷ (१०० + ६२.५). एखाद्या व्हॉल्व्हचा अंतर्गत रोध ८० किलोओहम निघाला, तर वर्धन किती?

उत्तर: पहिले सुमारे ६१.५, दुसरे सुमारे ५५.६. अंतर्गत रोध २८ टक्क्यांनी वाढला, पण वर्धन जेमतेम १० टक्क्यांनी घटले. असे का झाले, याचा विचार करा.