चाकावर दोघंही

जुलैअखेरीला तुम्ही दोघं आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घेऊन उत्तर मिनेसोटातल्या तळ्यांकडे निघताय, हे ताईकडून कळलं आणि मला राहवेना. तुझ्या काकांनी आणि मी तिकडे चौदा उन्हाळे काढले. त्यातून जे हाताशी लागलं ते लिहून पाठवते. जावईबापूंनाही वाचायला दे. यातलं काही त्यांच्यासाठी आणि काही तुझ्यासाठी अशी वाटणी मी केलेली नाही, आणि ती का केली नाही ते पुढे येईलच.

आधी अंतराचं. मिनियापोलिसहून डुलुथ दीडशे मैल. तिथून हायवे ६१ धरून सुपीरिअर तळ्याच्या काठाकाठाने स्प्लिट रॉक, ग्रँड मरे. मागे वळून ईली, मग बेमिजी आणि इटास्का. नकाशावर हे चार दिवसांत बसतं. तुम्ही दहा दिवस ठेवा. रोज दीडशे मैलांच्या वर जायचं नाही आणि दुपारी चारच्या आत मुक्कामाला पोचायचं. सूर्य नऊच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे अजून वेळ आहे असं वाटत राहतं. पण कातरवेळी हरणं रस्त्यावर येतात, आणि झाडांमधल्या अरुंद जागेत अंधारात गाडी मागे घ्यायची पाळी आली की दोन शहाणी माणसंही एकमेकांशी तुटक बोलायला लागतात. राज्य उद्यानांतल्या जागांचं बुकिंग १२० दिवस आधी उघडतं आणि चांगल्या जागा लगेच जातात. तरी रद्द झालेल्या जागा निघत असतात. रोज सकाळी एकदा बघत जा, मिळेल.

डुलुथच्या अलीकडे थॉम्पसन हिलवरून रस्ता खाली उतरतो आणि एकदम समोर सगळं सुपीरिअर पसरलेलं दिसतं. नेमकी तिथेच नजर रस्त्यावर हवी, कारण उतार मोठा आहे. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका, ब्रेकवर पाय रोवून उतरू नका. पाणी बघायचं तर टेकडीवर गाड्या थांबवायला विश्रांतीची जागा आहे. तिथे उतरा आणि मनसोक्त बघा. जवळजवळ ८२,००० चौरस किलोमीटरचं ते तळं आहे, महाराष्ट्राच्या पाव भागाहून मोठं. त्याचं हवामानही त्याचं स्वतःचं. शहरात घामाच्या धारा लागलेल्या असताना त्या काठावर संध्याकाळी स्वेटर आणि कानटोपी लागते. पाणी तर ऐन जुलैतही इतकं गार, की घोटे बधिर होतात. त्यात पोहायच्या फंदात पडू नका. नोव्हेंबर १९०५ च्या वादळात या किनाऱ्यावर कितीतरी जहाजं आपटली, म्हणून १९१० साली स्प्लिट रॉकच्या कड्यावर दीपगृह पेटलं. ते बघायला जरूर थांबा. होडी मात्र आतल्या लहान तळ्यांत घ्या. तीही सकाळी, वारा सुटायच्या आत, काठाला धरून, आणि लाइफ जॅकेट अंगात घालून. नुसतं होडीत ठेवलेलं जॅकेट उपयोगाचं नाही.

आता गाडीचं. मुक्कामी पोचलं की आधी गाडी समपातळीत आणायची. भाड्याच्या गाडीत बहुधा त्यासाठी प्लास्टिकचे ठोकळे असतात. नसले तर मागून घ्या. गवंड्याची छोटी पाणसळ मिळते ती बरोबर ठेवा. आमच्या पहिल्या सहलीत ती नव्हती. कढईत तेल घातलं की सगळं एका कडेला जायचं, त्यावरून मला कळायचं की गाडी कलली आहे. प्रश्न स्वयंपाकाचा नाही, फ्रिजचा आहे. गॅसवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या फ्रिजमध्ये अमोनिया वर जाऊन स्वतःच्या वजनाने खाली येतो, त्याला पंप नसतो. गाडी फार वेळ कललेली राहिली की तो मध्येच अडतो आणि फ्रिज कायमचा बिघडू शकतो.

वीज बहुतेक ठिकाणी तीस अँपिअरची मिळते, म्हणजे सगळी मिळून ३,६०० वॉट. एसी चालू असताना विजेची किटली आणि मायक्रोवेव्ह लावलात तर ब्रेकर पडणारच. चहा गॅसवर करा. पाण्यासाठी पांढरा, पिण्याच्या पाण्याचा म्हणून मिळतो तोच पाइप वापरा, आणि नळाला आधी दाब कमी करणारं पितळी रेग्युलेटर लावा. काही कॅम्पग्राउंडच्या नळाला इतका जोर असतो की आतल्या नळ्यांचे सांधे निखळतात.

मैल्याच्या टाकीबद्दल लोक बोलायचं टाळतात आणि मग सगळी सहल तिच्या धास्तीत घालवतात. मी नीट सांगते. गाडीखाली दोन टाक्या असतात. काळी म्हणजे संडासाची आणि करडी म्हणजे बेसिन-न्हाणीची. काळ्या टाकीची झडप नेहमी बंद ठेवायची, जागेवरच सांडपाण्याची जोडणी मिळाली असली तरीही. ती उघडी राहिली की पाणी तेवढं निघून जातं, घट्ट भाग तळाशी साचून दगड होतो आणि मग काही केल्या निघत नाही. टाकी दोन-तृतीयांश भरली की रिकामी करायची. रबरी हातमोजे घालायचे, पाइप दोन्हीकडे घट्ट बसवायचा, तो जमिनीतल्या तोंडातून निसटणार नाही असा वजनाने दाबून ठेवायचा आणि आधी काळी झडप ओढायची. आवाजावरून कळतं. आधी जड, मग हलका, मग नुसतं थेंब थेंब. ती बंद केली की करडी उघडायची. तिच्या साबणाच्या पाण्याने तोच पाइप धुऊन निघतो. या टाकीला पाणी जितकं जास्त तितकं चांगलं, त्यामुळे आपली तांब्याची सवय इथे कामाचीच आहे. फक्त टाकी लवकर भरते हे लक्षात ठेव. आणि टाक्या रिकाम्या करायच्या डंप स्टेशनवर जो नळ असतो त्याला पिण्याचा पांढरा पाइप चुकूनही लावू नका.

गाडी मागे घेणं हे खरं दोघांचं काम. चालवणाऱ्याने आधी खाली उतरून जागा पायी फिरून बघायची. खांब कुठे, दगड कुठे, आणि मान वर करून फांद्या कुठे. गाडीची उंची कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा, कारण गाडीत बसल्यावर डोक्यावर बारा फूट आहे हे मन विसरतं. मागच्या चाकांच्या मागे गाडीचं जे लांब शेपूट असतं ते वळताना उलट बाजूला फिरतं, तेही लक्षात असू द्या. मग दुसऱ्याने मागे अशा जागी उभं राहायचं की त्याचा चेहरा आरशात दिसेल. चेहरा दिसेनासा झाला की त्या क्षणी ब्रेक. हा नियम मोडायचा नाही. डावं-उजवं म्हणू नका, त्यात घोटाळा होतो. ‘ड्रायव्हरकडे’ आणि ‘पलीकडे’ असं म्हणा आणि हाताने दाखवा. ओरडायचं ते फक्त ‘थांब’ एवढंच.

आता जे खरं सांगायचं आहे ते. आमची कामं कशी वाटली गेली हे आम्हालाही कळलं नव्हतं. गाडी, टाक्या, वायरी काकांकडे. स्वयंपाक, औषधं, बुकिंग माझ्याकडे. पाचव्या उन्हाळ्यात ईलीच्या पलीकडे, जंगलातल्या एका कॅम्पग्राउंडवर रात्री दोन वाजता काकांच्या कुशीत कळ आली. मुतखडा होता, पण तेव्हा कुठे माहीत होतं! घामाने भिजलेले, वाकून बसलेले, बोलवत नव्हतं. फोनला रेंज नाही. गाव वीस मैलांवर. मी तोवर वीस वर्षं मोटार चालवत होते, पण या गाडीच्या चाकाला कधी हात लावला नव्हता. सीट पुढे कशी घ्यायची तेही ठाऊक नव्हतं. बाहेर वायर आणि पाइप जोडलेले, ते कुठल्या क्रमाने काढायचे कळेना. मी बॅटरी घेऊन शेजारच्या तंबूंपाशी गेले आणि एका अनोळखी वयस्क माणसाला उठवलं. ते काही न विचारता बूट घालून आले. त्यांनीच आमची गाडी सोडवली आणि आम्हाला गावात नेलं. बाजूच्या सीटवर मी हात मांडीवर ठेवून बसले होते. तो रस्ता मला अजून आठवतो. हेडलाइटमध्ये येणारे पाइनचे बुंधे आणि मागे काकांचं कण्हणं.

मला कोणी शिकू दिलं नाही असं नव्हतं. मी विचारलं नाही आणि काकांना सुचलं नाही. पुढच्या वसंतात त्यांनी मला एका रिकाम्या आवारात तीन रविवार शिकवलं. मग आम्ही रीत पाडली. एक दिवस गाडी आणि टाक्या माझ्याकडे, चूल आणि नकाशा त्यांच्याकडे; दुसऱ्या दिवशी उलट. औषधांची पिशवी कुठे, गॅसची मुख्य कळ कुठे, हे दोघांना झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. जवळचं इस्पितळ कुठलं ते रेंज असतानाच कागदावर लिहून ठेवायचं. तुम्हीही पहिल्या दिवसापासून तसंच करा.

फोडणी बाहेर करा, छोट्या गॅसवर. आत मोहरी तडतडली की धुराचा भोंगा वाजतो आणि हिंगाचा वास गादीत मुरतो. पण जेवण झालं की सगळं लगेच आत. कढई घासलेली, कचरा बंद पेटीत, टेबलावर कूलर नाही. ते जंगल काळ्या अस्वलांचं घर आहे. जे अस्वल माणसाच्या अन्नाला चटावतं, त्याला बहुधा जीव गमवावा लागतो.

सरपण घरून नेऊ नका. २००२ साली डेट्रॉइटजवळ एक हिरवा भुंगेरा सापडला, त्याच्या अळ्या ॲश झाडाची साल आतून पोखरतात. तो लाकडाच्या मोळ्यांतून गावोगाव गेला आणि २००९ मध्ये सेंट पॉलला पोचला. उत्तरेकडे दलदलीत काळा ॲश वाढतो. त्याच्या पट्ट्या काढून तिथले मूळनिवासी ओजिब्वे लोक पिढ्यान्‌पिढ्या टोपल्या विणत आले आहेत. म्हणून सरपण जिथे जाळायचं तिथेच विकत घ्या. होडीचंही तसंच. एका तळ्यातून काढली की पाणवनस्पती काढून, पाणी निथळून, कोरडी करूनच दुसऱ्यात घाला. रात्री लून पक्ष्याची हाक ऐकू येईल. पहिल्यांदा ऐकताना छातीत धस्स होतं. सकाळी त्याची पिल्लं आईच्या पाठीवर बसलेली दिसली तर होडी लांबच ठेवा. मासे धरायला शिशाची वजनं वापरू नका. लून ती गिळतो आणि त्या विषाने मरतो.

डास जुलैअखेरीला उतरणीला लागलेले असतात, तरी संध्याकाळी लांब बाह्या घालाच. गोचिडीला मात्र मी जास्त जपते. मोजे विजारीवर ओढून घ्या आणि रोज रात्री एकमेकांचे कानामागचे, गुडघ्यामागचे, केसांच्या कडेचे भाग बघा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडी असले उपाय नकोत. लाइम रोग बहुधा ती दिवसभराहून जास्त चिकटून राहिली तरच होतो, म्हणून रोज बघणं महत्त्वाचं.

इटास्का शेवटी ठेवा. १८३२ मध्ये ओझाविंदिब नावाच्या ओजिब्वे म्होरक्याने नदीचा उगम शोधणाऱ्या स्कूलक्राफ्टला तिथे नेलं. तिथून मिसिसिपी निघते, पंधरा-वीस ढांगांत ओलांडता येते आणि मग २,५५२ मैल वाहत जाते, असं तिथल्या खांबावर कोरलं आहे. दगड शेवाळलेले असतात, पट्ट्याच्या चपला घाला. मी वाईची, कृष्णेच्या घाटावर वाढलेली. त्या पाण्यात उभी राहिले तेव्हा माझे हात आपोआप ओंजळीत जुळले. १९०३ साली तिथल्या उद्यानाची प्रमुख मेरी गिब्स नावाची चोवीस वर्षांची मुलगी होती. लाकूडतोड कंपनीने बंधारा घालून पाणी चढवलं आणि काठचे पाइन बुडायला लागले, तेव्हा ती बंदूकधाऱ्यांसमोर उभी राहिली होती. तिच्या नावाचं केंद्र उगमापाशीच आहे. त्यासाठी अर्धा तास काढ.

गाडी ज्या दिवशी हातात मिळेल त्या दिवशी हायवेला लागू नका. आमच्या इथल्या शाळेचं आवार सुट्टीत मोकळं असतं. सकाळी आठला सरावाला तिथे या. शंकू मी आणते, डबाही आणते. आधी चाकावर तू बसायचंस. जावईबापूंनी मागे, आरशात दिसतील असं उभं राहायचं.