टस्कीगी : एका शाळेचे नगर

वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या चरित्रामुळे टस्कीगी हे नाव मराठी वाचकांस परिचित आहे. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील या लहानशा नगराचा इतिहास मात्र कार्व्हर यांच्याही आधीपासूनचा आणि त्यांच्या नंतरचाही आहे.

गुलामगिरीतून मुक्त झालेले कारागीर लुईस अ‍ॅडम्स यांनी कृष्णवर्णीयांसाठी शाळा मिळविली. ४ जुलै १८८१ रोजी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी ती सुरू केली. राज्याने वर्षाला २,००० डॉलर दिले, तेही केवळ वेतनासाठी. इमारतीकरिता विद्यार्थ्यांनीच विटा पाडल्या. तीन भट्ट्या फसल्या. चौथीसाठी वॉशिंग्टन यांनी स्वतःचे घड्याळ गहाण ठेवले.

पुढे शिकलेली माणसे मतदार होऊ लागली. तेव्हा १९५७ मध्ये राज्य विधिमंडळाने नगराची चौकोनी हद्द अठ्ठावीस बाजूंची केली. सुमारे ४०० कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच वगळता सारे हद्दीबाहेर गेले. घरे जागच्या जागी राहिली. मताचा हक्क गेला. संस्थेतील प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार घातला व न्यायालयात दाद मागितली. वंशभेदाने मताधिकार हिरावणारी हद्द घटनाविरोधी ठरते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये एकमताने दिला. १९७२ मध्ये जॉनी फोर्ड हे नगराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर निवडून आले.

निवासी शाळा चालविताना आम्हांस या इतिहासातील दोन्ही धडे सारखेच मोलाचे वाटतात : वीट पाडणे आणि दाद मागणे.