आजार एकाचा, भार सर्वांचा

प्रस्तावना

आजार सांगून येत नाही. उपचारांचा खर्च मात्र त्याच्या पाठोपाठ येतो. एका व्यक्तीच्या आजारपणाचा भार साऱ्या समाजाने कसा उचलावा, या प्रश्नाला ब्रिटनने १९४८ साली एक उत्तर दिले. त्या व्यवस्थेचा परिचय या पाठात करून दिला आहे.

पाठ

१९११ च्या कायद्याने ब्रिटनमधील अल्प उत्पन्नाच्या कामगारांना आजारपणाच्या विम्याचे संरक्षण मिळाले. परंतु त्यांच्या बायकामुलांना उपचारांचा लाभ त्यातून मिळत नसे. डॉक्टरांचे शुल्क परवडत नसल्याने अनेक स्त्रिया दुखणे अंगावर काढीत.

वेल्समधील ट्रेडेगर गावच्या कामगारांनी यावर स्वतःच मार्ग काढला होता. वेतनातून ठरावीक वर्गणी देऊन त्यांनी निधी उभारला आणि त्यातून आपल्या कुटुंबांच्या उपचारांची सोय केली. याच गावात खाणकामगाराच्या घरी जन्मलेले अन्यूरिन बेव्हन १९४५ साली आरोग्यमंत्री झाले. त्यांच्या पुढाकाराने ५ जुलै १९४८ रोजी 'राष्ट्रीय आरोग्य सेवा' सुरू झाली. बहुतेक रुग्णालये शासनाच्या ताब्यात आली.

या सेवेचा बहुतांश खर्च सर्वसाधारण करांतून आणि काही भाग राष्ट्रीय विम्याच्या वर्गणीतून भागवला जातो. कर उत्पन्नानुसार भरावा लागतो. उपचार मात्र गरजेनुसार मिळतात. म्हणजेच ही सेवा फुकट नाही. तिचे मोल माणूस धडधाकट असताना, कमावत असताना चुकवतो. आजारी पडल्यावर त्याला पैशांसाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही.

सेवेची रचनाही विचारपूर्वक केलेली आहे. नागरिक घराजवळच्या डॉक्टरकडे आपले नाव नोंदवतो. या डॉक्टरांच्या मोबदल्याचा मोठा भाग नोंदलेल्या व्यक्तींच्या संख्येवर ठरतो. त्यामुळे अनावश्यक औषधोपचार करून उत्पन्न वाढवण्याचा मोह उरत नाही. तज्ज्ञांकडे सामान्यतः याच डॉक्टरच्या शिफारशीने जावे लागते. तातडीच्या प्रसंगी मात्र रुग्ण थेट रुग्णालयात जाऊ शकतो.

तरीही सर्वांना सर्व काही तत्काळ देणे कोणत्याही कोषागाराला सोपे नसते. १९५१ साली चष्मे व कवळ्या यांवर शुल्क आकारण्याचे ठरताच बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी औषधांवरही शुल्क आले. वेल्सने ते २००७ मध्ये रद्द केले. इंग्लंडमध्ये सवलतपात्र नसलेल्यांना ते आजही द्यावे लागते. दुसरी मोठी अडचण प्रतीक्षेची आहे. २०२३ साली इंग्लंडमध्ये नियोजित उपचारांच्या प्रतीक्षायादीतील नोंदी ७० लाखांहून अधिक होत्या. ज्याची ऐपत आहे तो खासगी रुग्णालयाची वाट धरतो. ज्याची नाही तो वेदना सोसत थांबतो. जो भेद पैशाच्या दारातून घालवला, तो असा रांगेच्या दारातून परत येऊ शकतो. म्हणून केवळ तत्त्व स्वीकारून भागत नाही. त्यासाठी पुरेसा निधी आणि पुरेसे मनुष्यबळ सातत्याने उभे करावे लागते.

शब्दार्थ

दुखणे अंगावर काढणे – उपचार न करता आजार सोसणे
कोषागार – सरकारी तिजोरी
ऐपत – आर्थिक कुवत

स्वाध्याय

१. ट्रेडेगरच्या कामगारांनी कोणती सोय केली होती?
२. 'ही सेवा फुकट नाही' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
३. आपल्या परिसरातील सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या सेवांची माहिती मिळवून आठ-दहा ओळींत लिहा.