घोड्यांच्या पायांवरील त्वचारोग : ओळख व उपचार

धनगर बांधवांचे बिऱ्हाड वाहणारा, टांग्याला जुंपलेला किंवा माथेरानसारख्या ठिकाणी प्रवासी नेणारा घोडा आपल्या पायांवर मालकाचा संसार चालवतो. पावसाळ्यात हे पाय सतत ओले व चिखलाने माखलेले राहतात. कातडी मऊ पडते, तिला बारीक चिरा जातात व त्यांतून रोगजंतू आत शिरतात. पायावर खपली दिसली की बुरशी समजून मलम लावले जाते. परंतु प्रत्येक खपली बुरशीची नसते आणि रोगाप्रमाणे उपचारही बदलतो.

रोगाची ओळख

१) गजकर्ण : हा बुरशीजन्य रोग आहे. गोलसर चट्टे पडतात, केस तुटतात व राखाडी कोंडा सुटतो. खोगीर, खरारा यांमार्फत तो इतर घोड्यांना व माणसालाही होतो.

२) चिखलामुळे येणाऱ्या खपल्या : टापेच्या वर, मागील खळग्यात केसांचे पुंजके चिकटलेल्या खपल्या येतात. खपलीखाली ओल व पू असतो. हात लावल्यास घोडा पाय झटकतो. हा रोग बहुधा डर्मॅटोफिलस या जिवाणूमुळे होतो. त्याची वाढ धाग्यासारखी असल्याने पूर्वी त्यास बुरशी समजत.

३) खरूज : सूक्ष्म किडींमुळे तीव्र खाज सुटते. घोडा पाय आपटतो, चावतो.

खात्रीसाठी चट्ट्याच्या कडेचे केस व खपल्या कोऱ्या कागदी पाकिटात घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात द्याव्यात.

उपचार

हातमोजे घालून चट्ट्याभोवतीचे लांब केस कापावेत. १० टक्के पोव्हिडोन आयोडीन १ भाग व स्वच्छ पाणी ९ भाग या द्रावणाने पाय भिजवून १० मिनिटे ठेवावा. मऊ झालेल्या खपल्याच हलक्या हाताने काढून जाळाव्यात; घट्ट खपल्या ओढू नयेत. नंतर पाय धुऊन स्वच्छ फडक्याने पूर्ण कोरडा करावा. कोरडेपणा हाच निम्मा उपचार होय.

गजकर्णासाठी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने २ टक्के मायकोनॅझोल मलम वापरावे. जिवाणूंचा संसर्ग खोलवर असल्यास प्रतिजैविक, तर खरजेसाठी कीडनाशक औषध लागते.

हे टाळावे

* जळके ऑइल, रॉकेल किंवा मोरचुदाचे तीव्र द्रावण लावू नये, कातडी भाजते.
* ओल्या जखमेवर तेल किंवा चिकट मलम थापू नये; ओल आत कोंडते.
* स्टेरॉइड मिसळलेले मलम लावू नये. खाज थांबते, पण बुरशी पसरते.
* गाभण घोडीला ग्रिसिओफल्विन देऊ नये.

प्रतिबंध

ठाण उंचवट्यावर, निचऱ्याचे व कोरडे ठेवावे. कामावरून आल्यावर पाय पुसून टापांमागील खळगे रोज तपासावेत. प्रत्येक घोड्याचा खरारा व झूल वेगळी ठेवावी.

पाय सुजल्यास, घोडा लंगडल्यास किंवा ताप आल्यास घरगुती उपचारात वेळ घालवू नये. घोड्याला धनुर्वाताचा धोका फार असतो. म्हणून लहान जखमेकडेही दुर्लक्ष न करता पशुवैद्यकाकडून प्रतिबंधक लस वेळेवर टोचून घ्यावी.