आमसुलाचे सार : एक घरगुती अभ्यास

आमच्या खारदांड्यात 'आज सार केले आहे' असे सांगितले, तर ऐकणारा आधी 'घरात कोण आजारी आहे?' असे विचारतो. कोळ्याच्या घरी भातावर घ्यायचे ते कालवण, आणि कालवण म्हणजे मासळीचे. सार हे उपासातापासाचे, नाही तर अंथरुणावरच्या माणसाचे. माझाही समज याहून वेगळा नव्हता. गेल्या आषाढात तो बदलावा लागला, म्हणून हा लेखनप्रपंच. मित्रमैत्रिणींनी तो पाककृती म्हणून वाचला तरी चालेल; प्राध्यापकांनी मात्र इतिहासाच्या एका विद्यार्थ्याचा अभ्यास म्हणून वाचावा, एवढी विनंती.

आधी नावाविषयी. मराठीत सार, कन्नडात सारु, तमिळमध्ये रसम्. तिन्ही नावांत रस, अर्क हाच भाव आहे. पदार्थ पाण्यात टाकायचा, त्याचे सत्त्व उतरवून घ्यायचे आणि चोथा काढून टाकायचा. तमिळमध्ये 'मिळगु तण्णीर' म्हणजे मिरीपाणी. मद्रासच्या इंग्रजांनी त्यात मांस घातले, ते दाट केले आणि त्याचे 'मलिगाटॉनी' सूप झाले. पाणी नावापुरते उरले!

यातला मिरे हा शब्द महत्त्वाचा. मिरची मूळची अमेरिका खंडातली. ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी आपले तिखट म्हणजे मिरे, पिंपळी आणि आले. नव्या पाहुणीला आपण जुन्या मिऱ्याचेच नाव दिले. आमचा हा साष्टीचा मुलूख १५३४ च्या वसईच्या तहाने पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला. पोर्तुगीज गेले, मिरची राहिली. म्हणून साराचा अभ्यास मिरचीपासून नव्हे, मिऱ्यापासून सुरू करावा असे माझे मत झाले आहे.

आता प्रत्यक्ष प्रकार. १ जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, आणि घरात सुके बोंबील व जवळा. माझी आई बाजारात मासळी विकते, पावसाळ्यात सुकी. आषाढात तिला ताप आला. डॉक्टरांचे औषध चालू होते, पण तीन दिवस पेजेच्या दोन घोटांपलीकडे तिने काही घेतले नाही. सुक्याचा वास आला की ती तोंड फिरवी. जिने सारा जन्म त्या वासात काढला तिला तो सोसू नये, याचा मी धसकाच घेतला. शेजारची मावशी म्हणाली, "अरे, आमसुलाचं सार दे करून. तोंडाला चव येईल."

मी घाई केली. आजीच्या वेळचे पितळेचे पातेले हाताशी आले. त्यात आमसुले, पाणी, मिरची, नारळाचे दूध सगळे एकदमच घातले आणि गॅस मोठा केला. थोड्याच वेळात वर तेलकट गुठळ्या आणि खाली जांभळट पाणी! तेच गाळून आईला दिले. तिने एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"पोरा, कळकलंय हे. पातेल्याची कल्हई बघितलीस का?"

अंगात १०२ ताप असताना तिची जीभ शाबूत होती. मला वाईट वाटावे की बरे, तेच कळेना.

पितळेत तांबे असते. आमसुलातले आम्ल ते विरघळवते, आणि असे अन्न नुसते कडवट लागत नाही, बाधतेही. कल्हई म्हणजे आतून दिलेला कथलाचा पातळ थर; आमच्या पातेल्याचा तो कधीच झिजला होता. दूध फाटण्याचे कारण निराळे. नारळाचे दूध म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे बारीक थेंब. आंबट आणि खळखळती उकळी दोन्ही एकदम भेटली की हे थेंब एकमेकांना मिळतात आणि दूध फुटते.

दुसऱ्या दिवशी आईने पडल्या पडल्या सांगितले आणि मी स्टीलच्या पातेल्यात केले. चार माणसांना दहा-बारा आमसुले पुरतात. ती काळीभोर आणि मऊ हवीत. रातांब्याच्या साली त्याच्याच रसात मीठ घालून पुन्हापुन्हा भिजवतात आणि उन्हात वाळवतात. तेव्हा मीठ त्यांत आधीच असते. साराचे मीठ सर्वांत शेवटी, चाखून. दोन पेले कोमट पाण्यात आमसुले अर्धा तास भिजवून, चोळून, गाळून घ्यावी. आठ मिरे, अर्धा चमचा जिरे आणि एक हिरवी मिरची वाटून त्यात घालावी, सुपारीएवढा गूळ टाकावा आणि मंद आचेवर ठेवावे. गुळाबद्दल आईचे म्हणणे असे, "तो आहे हे कळायला नको, पण नसला तर कळला पाहिजे."

कडेने फेस धरला की पातेले उतरवावे. माटुंग्याचा माझा तमिळ वर्गमित्र सांगतो की त्यांच्या घरी रसमलाही खळखळू देत नाहीत, सुगंध उडून जातो. त्यांच्याकडे चिंच आणि तुरीच्या डाळीवरचे पाणी, आमच्याकडे आमसूल आणि नारळ. फेसाचा कायदा मात्र एकच.

सार जरा निवले की वाटीभर नारळाचे दूध बारीक धारेने, ढवळत घालावे. मग तुपाची फोडणी : जिरे, हिंग, कढीपत्ता आणि एक सुकी मिरची. मिरचीची आग पाण्यात विरघळत नाही, तुपातेलात विरघळते. तुपात तडतडलेल्या मिरचीचे तिखट साऱ्या पातेल्यात पसरते आणि नारळाच्या दुधाने सौम्य होते. (सोलकढीशी याचा घोटाळा करू नये, ती विस्तवावर जातच नाही.) दूध घातल्यावर पुन्हा उकळी देऊ नये. गरम करायचे झाले तर वाटी गरम पाण्यात ठेवावी.

आईने अर्धी वाटी प्यायली. मग उरलेल्यात मऊ भात कालवून मागितला. मीठ कमी पडले होते, तेही तिने सांगितलेच. संध्याकाळी तिने विचारले, "बोंबलांना ओल तर नाही ना लागली?" मी टोपली उघडून बघायला उठलो.